विषयाला धरून नाही

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा साखर कारखान्यात पॅनमन होता. उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरतात त्या मोठ्या बंद भांड्याला पॅन म्हणतात, आणि काचेवर थेंब घेऊन, बोटांनी चोळून, दाणा धरला की नाही हे सांगणारा तो पॅनमन. शिक्षण जेमतेम दहावी, पण सगळी अक्कल बोटांत. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत असल्या माणसांना आफ्रिकेतल्या कारखान्यांकडून बोलावणी येत होती. आमच्या पाहुण्यांत कुणी टांझानियाला गेलेलं होतं, कुणी युगांडाला. ह्यालाही टांझानियाचं आलं. करार दोन वर्षांचा, वाढला तर वाढला.

बायकोनं जायचं हे ठरलेलंच होतं. अडलं ते पोरीच्या शाळेवर.

पोरगी सात वर्षांची होती आणि नुकतीच माझ्याच वर्गातून पहिली पास झाली होती. मी कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. बहीण आमच्याच गल्लीत भाड्यानं राहायची, त्यामुळं पोरगी सकाळी माझं बोट धरून शाळेत यायची. फाटकाच्या बाहेर ती मला मावशी म्हणायची आणि आत आल्यावर बाई. हे मीच तिला लावलेलं वळण. माझं वळणांवर फार प्रेम होतं.

मेहुणे पुढं गेले आणि तीनेक महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. वसाहतीत एक शाळा आहे पण ती स्वाहिलीत. इंग्रजी शाळा आहे ती सात तास लांबच्या शहरात, तिथं पोरांना वसतिगृहात ठेवावं लागतं. वसाहतीतले गुजराती लोक तसं ठेवतात. एक मद्रासी साहेब आहेत, त्यांनी पोरांच्या शाळेपायी बायकोला आणलंच नाही. नाहीतर पोरीला कोल्हापुरात आक्कांकडं, म्हणजे माझ्याकडं, ठेवावं, काय ते तुम्ही दोघी बहिणी बघा.

बहिणीनं पत्र घडी घालून डब्यात ठेवलं आणि म्हणाली, "सात वर्साच्या पोरीला हॉस्टेलात टाकू व्हय? आणि तुझ्याकडं ठिवली तर मी तिकडं जाऊन करू काय? नुसता सैपाक? मी शिकवतो की घरातच. पुस्तकं तेवढी तू पाठीव."

"घरात कुठं शाळा हुती?" मी म्हटलं.

"का हुईत न्हाय? तू पेपर काढ, तूच तपास. मग तर झालं?"

मला तिचा राग आला. ती बारावीला इंग्रजीत गेलेली आणि मी डी.एड. दोन वर्षं पाठांची टाचणं लिहून, तक्ते रंगवून, मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकापुढं घाम गाळून मी जे शिकले, ते ही चुलीपुढं बसून भाजी निवडता निवडता करणार होती. शिकवण्याच्या बाबतीत मी म्हणेन ती पूर्व दिशा असा माझा त्या वेळी घरात शिरस्ता होता, आणि तो मोडायला निघाली होती ती घरातलीच धाकटी.

शाळा सोडल्याच्या दाखल्याचं मी हेडमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "दाखला कशाला काढताय बाई? पटावर राहू दे की नाव. एक पोरगं कमी झालं तर तुकडी जाईल, आणि तुकडी गेली तर तुम्ही जाल चंदगडला. येणारच हाय की पोरगी माघारी." मी जिल्ह्याच्या टोकाला चंदगडला बदलीवर जायला तयार नव्हते. म्हणून पोरगी टांझानियात गेली आणि हजेरीपटावर उचगावातच राहिली. आमच्याकडं एकच शिक्षक पहिली ते चौथी वर्गाबरोबर वर सरकत असे, त्यामुळं ती सगळा वेळ माझ्याच पटावर होती. हजेरी घेताना तिचा नंबर आला की सगळा वर्ग एका सुरात "आफ्रिकेत!" म्हणून ओरडायचा आणि मी तिच्या नावापुढं हजर अशी खूण करायचे. साहेब तपासणीला येणार असले की त्या दिवशी मात्र ती आजारी पडायची.

ह्यात मला तेव्हा काहीच गैर वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जे केलं ते काटेकोरपणाच्या नावाखाली केलं.

पुस्तकं मी मांजरपाटात शिवून, वर लाखेचे ठिपके देऊन पोस्टानं पाठवायचे. पोचायला महिना-दीड महिना लागायचा. सहामाही आणि वार्षिक परीक्षेचे पेपर वेगळ्या पाकिटात जायचे, सोबत माझ्या सूचना: पाकीट परीक्षेच्या दिवशीच फोडावे, घड्याळ लावावे, पालकाने उत्तरपत्रिकेत डोकावू नये, वेळ संपताच मुलीसमोर पाकीट चिकटवून पोस्टात टाकावे. पालक म्हणजे माझी बहीणच, पण मी पालक असंच लिहायचे. उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा कार्यक्रम मी फार गांभीर्यानं चालवला. बहिणीनंही सगळं अक्षरशः पाळलं. एका पत्रात तिनं लिहिलं होतं, "पेपर चालू असताना मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. मान अवघडली, पण वळून बघितले नाही."

दुसरीचे पेपर मी सरळ तपासले. ब्याऐंशी टक्के पडले. माझ्या वर्गात पहिल्या आलेल्या मुलीला एकोणऐंशी होते. मी निकाल कळवला आणि बहिणीचं उत्तर आलं, "बघ आक्का, घरातबी शाळा होते." ते पत्र माझ्या नवऱ्यानं मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "मग तुमच्या डी.एड.चं काय करायचं आता?" तो गमतीनं म्हणाला. मीही हसले. पण ते वाक्य माझ्या पोटात वर्षभर राहिलं.

तिसरीच्या वार्षिकचे पेपर आले ते मे महिन्यात. आधी गणित घेतलं. छत्तीस गुणिले पंचवीस असा एक गुणाकार होता, पाच गुणांचा. पोरीनं पुढं नुसतं नऊशे लिहिलं होतं. मांडणी नाही, हातचा नाही, काही नाही. हे कुठून आलं ते मला लगेच कळलं. आमचे वडील गुळाच्या बाजारात तोलाईदार होते. काट्यावर उभं राहून, कागद न धरता, पावकी-निमकी-दिडकीच्या जोरावर ते हिशेब सांगायचे, आणि आम्हा दोघी बहिणींना त्यांनी लहानपणी तेच पाढे घोकायला लावले होते. पंचवीस म्हणजे शंभराची पावकी. छत्तीसची पावकी नऊ. झाले नऊशे. मी ते डी.एड.ला गेल्यावर विसरले, बहीण विसरली नव्हती. ती पोरीला आमच्या बापाचं गणित शिकवत होती.

मी उत्तराला एक गुण दिला आणि रीत नाही म्हणून चार कापले. नियमात बसत होतं. पुढच्या गणितातही तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. कापताना हात जड झाला नाही, उलट हलका होत गेला.

मग मराठीचा पेपर. निबंधाचा विषय होता "माझी शाळा". वर्गाला दिला तोच पेपर मी तिलाही पाठवला होता. जिला शाळा नाही तिला हा विषय घालू नये, एवढंही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या वर्गातल्या चाळीस पोरांनी लिहिलं होतं की शाळेसमोर मोठे पटांगण आहे आणि आमचे हेडमास्तर प्रेमळ आहेत. आमच्या शाळेला पटांगण नव्हतं आणि हेडमास्तर प्रेमळ नव्हते. तरी मी सगळ्यांना दहापैकी सात-सात गुण दिले होते.

पोरीनं लिहिलं होतं ते मला अजून पाठ आहे. "माझ्या शाळेला नाव नाही. माझ्या शाळेत एक टेबल आहे. त्यावर आम्ही जेवतोपण. माझ्या शाळेत एकच बाई आहेत. त्या माझी आई आहेत. कारखान्याचा भोंगा वाजला की शाळा भरते. दुसरा भोंगा वाजला की पप्पा येतात आणि शाळा सुटते. पाऊस आला की पत्रा फार वाजतो आणि काही ऐकू येत नाही, तेव्हा आई पाटीवर लिहून बोलते. माझ्या शाळेत मुलगी एकच आहे म्हणून मीच पहिली येते आणि मीच शेवटची येते. मला माझी शाळा फार आवडते."

मी वीस-बावीस वर्षं निबंध तपासले. त्यात खरा म्हणावा असा हा एकच. त्याला मी दहापैकी दोन गुण दिले आणि खाली तांबड्या शाईनं शेरा मारला: विषयाला धरून नाही.

एकूण चौपन्न टक्के झाले. बहिणीला निकालाबरोबर चार ओळी लिहिल्या. मुलगी मागे पडत चालली आहे. पाया कच्चा राहिला तर पुढे दुरुस्त होत नाही. योग्य तो विचार करावा. असलं पत्र मी कुठल्याही पालकाला लिहिलं असतं. उत्तरपत्रिका वर्ष संपल्यावर बाकीच्यांबरोबर रद्दीत गेल्या.

कुणाला वाटेल, हिला मूलबाळ नसणार, म्हणून पोरगी ओढून घेतली. तसं असतं तर निदान सांगायला बरं दिसलं असतं. मला दोन मुलगे होते, सासू-सासरे होते, दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं राहत होतो आणि आणखी एकीला झोपवायला जागा नव्हती. मला पोरगी नको होती. मला फक्त बहिणीच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की आक्का, तुझंच बरोबर होतं.

तिनं तसं लिहिलं. त्याच पत्रात पुढं लिहिलं की एक ओळखीचं कुटुंब सुट्टीवर येतंय, त्यांच्यासोबत पोरगीला पाठवते, दाजींनी मुंबईला उतरून घ्यावं. मार्क वाचल्यापासून तिला जेवण गोड लागत नव्हतं. माझ्या अडाणीपणापायी पोरीचं नुकसान नको, असे तिचे शब्द होते. तेव्हा खरं लिहायला माझ्याकडं वेळ होता. पत्राला उशीर झाला असता तर आयएसडी बूथवरून कारखान्यात फोन लावता आला असता. मी जागेची व्यवस्था लावायला लागले. कपाट सरकवून एक कॉट बसवली.

पोरगी आली तेव्हा नऊ वर्षांची होती. रडली नाही. चौथीच्या वर्गात पहिल्या दिवशी हजेरीत तिचा नंबर आला आणि सवयीनं सगळी पोरं "आफ्रिकेत!" म्हणून ओरडली. ती उभी राहून म्हणाली, "न्हाय, इथं हाय." आठवड्याभरात वर्गाला कळून चुकलं की फळ्यावर गणित लिहून खडू खाली ठेवायच्या आत हिचं उत्तर तयार असतं. पुस्तकातला पुढचा धडा तिनं आधीच वाचलेला असायचा. मला हे नव्यानं कळलं असं म्हणायची सोय नाही. बहिणीनं पत्रातून विचारलं, "आता कशी हाय अभ्यासात?" मी लिहिलं, "सुधारते आहे."

हे वाक्य त्या चौपन्न टक्क्यांपेक्षा वाईट होतं. मार्क मी रागात कापले, हे थंड डोक्यानं लिहिलं.

त्या वर्षी ती स्कॉलरशिपच्या परीक्षेत जिल्ह्यात वर आली. शाळेनं कार्यक्रम केला आणि मार्गदर्शक शिक्षिका म्हणून मला शाल-नारळ दिला. हेडमास्तर भाषणात म्हणाले की परदेशात वाया जाणारी मुलगी बाईंनी वेळीच मार्गावर आणली. पोरगी पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती आणि टाळ्या वाजवत होती.

पुढं करार वाढत गेला. पेठ वडगावला मेहुण्यांचा प्लॉट झाला, मग बांधकाम निघालं. पोरीचं इथं बस्तान बसलं आहे, कशाला हलवायची, असं दोन्हीकडून ठरत गेलं. दर रविवारी आम्ही बूथवर जायचो. पलीकडून बहीण विचारायची, जेवलीस का, अभ्यास करतीस का. पोरगी व्हय म्हणायची, पुन्हा व्हय म्हणायची आणि फोन माझ्याकडं द्यायची. दोन वर्षांतून एकदा ती दोघं महिनाभर यायची. आईशी कसं वागायचं ते पोरीला सुचायचं नाही. ती उठून पाणी द्यायची, बॅगा आत नेऊन ठेवायची आणि आईला तुम्ही म्हणायची. मला ती तू म्हणायची. बहिणीनं एकदा हसून टोकलं, "आईला कुणी तुम्ही म्हणतं व्हय गं?" पोरगी म्हणाली, "चुकलं," आणि दिवसभर आईशी बोलायचंच टाळलं.

ती सहावीत असताना एका सकाळी मी तिची वेणी घालत होते. चाचणीत तिला एका विषयात दोन-तीन गुण कमी पडले होते. तिनं मान न वळवता विचारलं, "मावशी, मी इथंबी मागं पडली तर मला कुठं पाठवणार?"

मी म्हटलं, "कुठं न्हाय पाठवत. हलू नको." वेणी घातली, रिबीन बांधली आणि शाळेत गेले. त्या दिवशी पोरांना शुद्धलेखन घालून मी खुर्चीत बसून राहिले. ही पोरगी इतकी जीव तोडून अभ्यास का करते हे घरात सगळे कौतुकानं बोलत, आणि त्याचं कारण तिनं मला पाठमोरं बसून सांगितलं होतं. तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. पण जितकं लांबलं तितकं अवघड झालं, आणि अवघड आहे म्हणून आणखी लांबलं.

दोन हजार सालानंतर दोन-तीन वर्षांनी, पोरीच्या दहावीच्या वेळी, बहीण आणि मेहुणे कायमचे परत आले. निकाल फार चांगला लागला. आमच्या बुद्धविहारातल्या बायका, शेजारपाजार, वडगावचे पाहुणे, सगळे पेढे खायला आले होते. सगळ्यांदेखत बहीण म्हणाली, "आक्कानं घडवली माझी पोरगी. माझ्या हातात ऱ्हायली असती तर वाटुळं झालं असतं." आणि वाकून तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी तिला उठवायला हवं होतं. मी पेढ्यांचं ताट धरून तशीच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघीच बाहेरच्या सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. मेहुणे आत पडले होते, पोरगी मैत्रिणीकडं गेली होती. मी सांगून टाकलं. "तिसरीचं मार्क मी मुद्दाम कमी दिलतं. उत्तरं सगळी बरोबर हुती. निबंध तर सगळ्यांत चांगला हुता. मला तुझा राग आलता."

ती शेंग हातात धरून बघत राहिली. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "मग खरं किती पडायला पायजे हुतं?"

"एक्क्याण्णव."

"एक्क्याण्णव? शंभरात?"

"व्हय."

तिचं तोंड उजळलं. इतकी आनंदलेली मी तिला दहावीच्या निकालालाही बघितली नव्हती. "आवं, ऐकलं का," म्हणत ती उठली, पदरातल्या शेंगा खाली सांडल्या. "एक्क्याण्णव पडलतं पोरीला तिसरीत! मी शिकवलं तवा!" ती उंबऱ्यापर्यंत गेली. तिथं थांबली. आतून मेहुण्यांनी काय म्हणून विचारलं, तिनं काही न्हाय म्हणून सांगितलं, आणि परत येऊन माझ्यासमोर बसली. सांडलेल्या शेंगा एकेक करून गोळा केल्या.

"म्हंजे तिला पाठवायचं कारणच न्हवतं," ती म्हणाली.

"न्हवतं."

ती पुन्हा शेंगा फोडायला लागली. टरफलं एकीकडं, दाणे एकीकडं. मी म्हटलं, "पोरगीला मी सांगतो. आज आली की सांगतो. तुझी काय चूक न्हाय, ती मागं पडली न्हवती, सगळं सांगतो."

"न्हाय सांगायचं."

मला वाटलं, माझी लाज राखायला म्हणते आहे. तिच्या मोठेपणानं माझे डोळे भरून आले, आणि तिनं ते बघितलं.

"तुझ्यासाठी न्हाय म्हणत मी," ती म्हणाली. "माझ्याशी ती पावण्याशी बोलल्यागत बोलती. ते आता भरून यायचं न्हाय, सात वर्सं गेली. जीव तिनं तुला लावलाय. आता तुझ्यावरचाबी इस्वास उडाला, तर पोरीला आई म्हणून ऱ्हातंय कोण?"

पोरगीला आम्ही सांगितलेलं नाही. इथं मी कुणाचंच नाव घातलेलं नाही, ते त्यासाठी.